परत येणारं डिझेल

पहाटे कांदा भरलेली पिकअप बाजार समितीला निघायची असते आणि नेमकी तेव्हाच ती रुसते. स्टार्टर फिरतो, इंजिन काही धरत नाही. जमलेल्यांपैकी कुणीतरी सांगतोच, "नोझल चोक झालंय, औषधाची बाटली ओता टाकीत." जुन्या गाडीत दुखणं बरेचदा याच्या उलट असतं. नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारा इंजेक्टर, तुंबलेलं नसतं, गळत असतं. तेही आतल्या आत, जमिनीवर थेंब न पडता.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून पाचशे अंशांच्या वर तापवायची आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, म्हणून कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, पंप डिझेलचा दाब १६०० बारच्या घरात नेतो. कारच्या टायरमध्ये असतो सव्वादोन बार!

इंजेक्टरचं तोंड आतली एक सुई मिटून धरते; ती उचलली की फवारा सुटतो. मग एवढ्या दाबाखालची सुई उचलते कोण? विजेच्या चिमुकल्या कॉइलचा तो घास नव्हे. इथे डिझेललाच डिझेलशी झुंजवलंय. सुईच्या खाली रेलचं डिझेल, वरच्या इवल्याशा कोठडीतही तेच, त्याच दाबाचं. पण बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. वरचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून सुई खाली बसून राहते. कॉइल फक्त कोठडीची झडप उघडते. कोठडीत डिझेल येण्याचं भोक लहान, जाण्याचं मोठं. त्यामुळे वरचा दाब कोसळतो, खालचा कायम राहतो आणि सुई उचलली जाते. झडप मिटली की कोठडी भरते, सुई परत खाली. हा खेळ मिलिसेकंदांत आटोपतो. कोठडीतून सुटलेलं डिझेल रिटर्न पाइपने टाकीकडे जातं.

धुळीने ही झडप झिजली की मिटलेली असतानाही झिरपते. स्टार्टरवर पंप हळू फिरतो, रेलमध्ये पुरेसा दाब साठत नाही आणि दाब नाही तोवर गाडीचा संगणक फवारा सोडत नाही. म्हणून चांगला मिस्त्री चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावतो. जी भराभर भरते, तिचा इंजेक्टर गुन्हेगार. (दाबाच्या बाजूचा पाइप मात्र चालू इंजिनावर कधीही सैल करू नये. ती धार कातडीतून आत घुसते. भोक टाचणीएवढं दिसलं तरी तडक दवाखाना गाठावा.) बाटलीतलं औषध फार तर काजळी काढेल, झिजलेलं लोखंड कसं भरून काढणार?

पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. पाण्यात तो गुण नाही. पाणी जड, ते फिल्टरच्या तळाशी बसतं आणि खालचा स्क्रू सैल केला की निघून जातं. बंपरवरची लिंबू-मिरची दर शनिवारी बदलणारे हा स्क्रू वर्ष-वर्ष फिरवत नाहीत.

आणि नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधलं डिझेल ओतू नका. ते गाळलेल्या बाजूला पडलं, तर कचऱ्यासकट थेट पंपात जातं. फिल्टरमध्ये डिझेल ओढायचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. हवा निघते, डिझेल गाळून येतं.