समावेशित शिक्षणातील ऑनलाइन शिक्षक-सहकार्य (ठाणे व नवी मुंबई)

विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना इतर मुलांबरोबर एकाच वर्गात (म्हणजे समावेशित शिक्षणात) शिकवताना येणाऱ्या अडचणी वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि समुपदेशक यांनी मोबाइलवरील गट, दूरदृश्य बैठका व सामायिक फाइली यांच्या आधारे मिळून सोडवण्याची पद्धत. शिक्षकांच्या बोलण्यात तिला वेगळे नाव नाही. ‘ग्रुपवर टाका, बघू’ एवढ्यावर भागते.

अशा मुलांसंदर्भात वापरली जाणारी ‘अतिरिक्त अध्ययन गरजा’ ही संज्ञा मराठीत मुख्यतः भाषांतरातून आलेली आहे. ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९७८ साली अपंगत्वाच्या प्रकारांऐवजी मुलाची शैक्षणिक गरज मध्यभागी ठेवली. पुढे स्कॉटलंडच्या २००४ च्या आणि वेल्सच्या २०१८ च्या कायद्यांत ‘अतिरिक्त’ हे विशेषण स्थिरावले. भारतात शासकीय कागदांवर ‘विशेष गरजा असणारी बालके’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. ‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ नंतर सर्वत्र झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मात्र गरजा नव्हे, प्रकार मोजतो. १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांचे त्यात २१ झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन वा गणितात सतत येणारी अडचण) व स्वमग्नता (ऑटिझम) यांना स्वतंत्र स्थान मिळाले. हातात प्रमाणपत्र नसलेले, पण चौथीतही अडखळत वाचणारे मूल कोणत्या रकान्यात घालायचे, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. गटांवरील बरीच चर्चा अशाच मुलांची असते.

पद्धतीच्या उगमाबाबत दोन तर्क संभवतात. इंग्लंडमध्ये १९९४ च्या विशेष शिक्षणविषयक आचारसंहितेने प्रत्येक शाळेत विशेष गरजांसाठी समन्वयक नेमण्याची रीत पाडली. शाळेत एकटे पडलेले हे समन्वयक संगणकाच्या माध्यमातून एकमेकांशी जोडले गेले, आणि तोच नमुना इकडे आला, असा पहिला तर्क. दुसऱ्या तर्कानुसार मूळ महाराष्ट्रातील केंद्रस्तरीय (जवळच्या काही शाळांच्या गटाच्या, म्हणजे ‘केंद्रा’च्या पातळीवरील) शिक्षण परिषदेत आहे: दरमहा प्रत्यक्ष होणारी चर्चा फोनवर सरकली, एवढेच. दुसरा तर्क अधिक पटतो, कारण येथील गटाचे एकक शाळा नसून केंद्र आहे आणि तो बहुधा केंद्रप्रमुखच उघडतात. काळही त्याला अनुकूल आहे. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर ‘तंत्रस्नेही शिक्षक’ (अध्यापनात तंत्रज्ञान वापरणारे) हा शब्द प्रचारात आला; २०१६ मध्ये व्हॉट्सॲपची गटमर्यादा १०० वरून २५६ झाली आणि अनेक केंद्रांचे शिक्षक एकाच गटात मावू लागले. तेव्हा आरंभ साधारण २०१५ ते २०१७ दरम्यान धरावा. मार्च २०२० च्या टाळेबंदीला आरंभाचे श्रेय देण्याची प्रवृत्ती दिसते. टाळेबंदीने प्रसार केला आणि पालकांना त्यात ओढले, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

सहकार्याची निकड प्रशिक्षणाच्या रचनेतून येते. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचे अभ्यासक्रम श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा शाखांत विभागलेले असतात. अनेक शाळांत फिरणाऱ्या विशेष शिक्षकाकडे मात्र सर्व प्रकारची मुले येतात. श्रवणदोषात पदविका घेतलेल्या बाईंना स्वमग्न मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यासाठी दुसऱ्या शाखेच्या सहकाऱ्याला विचारावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर १० विशेष विद्यार्थ्यांमागे १ आणि पुढील स्तरावर १५ मागे १ असे विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवले. शाळांत ते अद्याप पुरते उतरलेले नाही.

सर्वाधिक देवाणघेवाण लेखन-वाचनाच्या नमुन्यांची होते. वहीच्या पानाचा फोटो, नावावर अंगठा ठेवून काढलेला, आणि सोबत अर्ध्या मिनिटाच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण. मराठीत ‘र’ची रूपे एकट्यानेच पुष्कळ गोंधळ घालतात: ‘धर्म’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत तो चार प्रकारे लिहिला जातो. ‘प्रकाश’चे ‘पकाश’ आणि ‘घ–ध’, ‘भ–म’ यांची अदलाबदल वारंवार दिसली, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिला गेला, तर अध्ययन अक्षमतेची शंका घेतली जाते. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘काळा’चे ‘काला’, ‘घोडा’चे ‘घोरा’ एवढ्यावरून ती घेता येत नाही. आगरी-कोळी बोलीत ही रूपे शुद्धच आहेत. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील जुन्या गावठाणांतली मुले घरी जे बोलतात तेच लिहितात. आणि घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाचाही ‘ळ’ हुकतो. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाच्या हे ध्यानात येत नाही, गावातल्या शिक्षकाच्या लगेच येते. गटाचा खरा उपयोग येथे.

औपचारिक साधनांत एनसीईआरटीचे ‘प्रशस्त’ ॲप (२०२२) वर्गशिक्षकाला प्राथमिक चाळणी करू देते. निदान करणे त्याचे काम नाही. ‘डाली’ ही डिस्लेक्सिया (वाचन-अक्षमता) ओळखण्याची चाचणी हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या ८ व्या वर्षापासून देण्याची आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणीची तरतूद होती.

ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष शाळा, नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे वाशीतील ईटीसी केंद्र आणि राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे खारघर येथील प्रादेशिक केंद्र ही परिसरातील प्रमुख स्थाने. राज्य मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालयही वाशीलाच असल्याने दहावीच्या सवलतींचे प्रस्ताव तेथे जातात. या सवलती म्हणजे लेखनिक, तासाला २० मिनिटे जादा वेळ, गणकयंत्र. अर्जांच्या दिवसांत गटांवर अध्यापनाची चर्चा मागे पडते आणि ‘कोणता दाखला जोडायचा?’ हाच प्रश्न फिरत राहतो.

गोपनीयतेबाबत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. वहीचा फोटो निनावी राहतो. आवाजाचे तसे नाही, आणि तीस जणांच्या वर्गातले मूल आवाजावरून ओळखू येते. म्हणून काही शिक्षक मुलाचे वाचन स्वतःच्या आवाजात, चुकांसकट, पुन्हा ध्वनिमुद्रित करून पाठवतात.