टिनावरच्या यागीपासून टॉवरवरच्या पॅनेलपर्यंत

यवतमाळकडच्या खेड्यांत टिनाच्या छपरांवर अजूनही कुठे कुठे दूरदर्शनची जुनी अँटेना दिसते. पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी वर चढून ती फिरवायचं. तिच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांपैकी वायर फक्त एकीलाच जोडलेली असते. बाकीच्या नळ्यांत शेजारच्या लहरींमुळेच प्रवाह उमटतो आणि त्यातून पुन्हा लहर निघते. नळ्यांची लांबी आणि अंतर जुळलं की सगळ्यांची बेरीज एका दिशेला होते. या देवाणघेवाणीला म्युच्युअल कपलिंग म्हणतात. 1926 मध्ये जपानच्या सेंदाई शहरात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती कामाला लावली.

अॅरेमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अनेक अँटेनांच्या रांगेत, मात्र हाच गुण नडतो. तिथे प्रत्येक घटकाला, म्हणजे प्रत्येक अँटेनाला, स्वतःची वायर आणि मोजून दिलेली कला, म्हणजे फेज, असते. एकट्या अर्धतरंग डायपोलचा, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या साध्या अँटेनाचा, रोध सुमारे 73 ओहम. शेजारी दुसरा आला की तो बदलतो, वायरशी जुळणी बिघडते आणि पाठवलेली शक्ती मागे परतते. हा हिशेब फिलिप कार्टर यांनी 1932 मध्ये मांडला. पुढे रडारच्या अभियंत्यांना त्याचं उग्र रूप दिसलं: ठरावीक कोनात झोत वळवला की जवळपास सगळी शक्ती परत येई, त्या दिशेला रडार आंधळं होई.

कपाशी दाट झाली की विरळणी करता येते. इथे तो मार्ग बंद आहे. घटक अर्ध्या तरंगलांबीहून फार लांब नेले, तर झोत दूरवर वळवताना नको त्या दिशेला दुसरा झोत फुटतो. 3.5 गिगाहर्ट्झला ही अर्धी तरंगलांबी जेमतेम 4.3 सेंटिमीटर.

म्हणून अंतर तेवढंच ठेवून मधली वाट अडवायची. 1999 मध्ये सीव्हनपायपर यांनी कुत्र्याच्या छत्रीसारख्या धातूच्या बारीक टोप्यांचा पृष्ठभाग दाखवला. ठरावीक वारंवारितेत त्यावरून लहर सरकत नाही. 2003 मध्ये यांग आणि रहमत-सामी यांनी तशा टोप्यांच्या रांगा दोन पॅच अँटेनांच्या (धातूच्या चपट्या तुकड्यांच्या अँटेनांच्या) मधोमध बसवल्या. मला या साऱ्या इतिहासातली हीच पायरी सर्वांत सुंदर वाटते. दुसरा एक उपायही आहे: मोबाइलमध्ये दोन अँटेनांना जोडणारी बारीक पट्टी उलट कलेचा प्रवाह नेऊन शेजारचा परिणाम खोडते.

भारतात 5जी ऑक्टोबर 2022 मध्ये आलं आणि असे दाटीचे अॅरे टॉवरवरच्या पॅनेलांत बसले. टोप्यांचा उपाय वारंवारितेच्या अरुंद पट्ट्यातच नीट चालतो, त्यामुळे उरलेली गडबड संकेतावर गणित करून काढावी लागते.