पहिलं यश नेमकं काय देतं?

तरुणपणी यश मिळालेली माणसं पुढेही यशस्वी होतात, याचं आपल्याला नवल वाटत नाही. हुशार होती म्हणून आधी जिंकली, म्हणूनच नंतरही जिंकली, असं आपण धरून चालतो. पण हुशारी सारखीच असेल आणि फरक फक्त पहिल्या निकालाचा असेल तर?

नेदरलँड्समध्ये हे तपासता आलं. तिथे नुकतीच पीएचडी झालेल्यांना स्पर्धेतून संशोधनासाठी मोठं अनुदान मिळतं. परीक्षकांच्या गुणांवरून यादी लागते आणि पैसे संपतात तिथे रेघ पडते. थाइस बोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रेघेच्या जरासे वर आणि जरासे खाली राहिलेले अर्जदार निवडले. गुण जवळपास सारखेच, म्हणजे गुणवत्तेत सांगण्यासारखा फरक नाही. तरीही पुढच्या आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळवला.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. ही तफावत पडण्यामागचं एक कारण अगदी साधं होतं: नकार मिळालेल्यांपैकी अनेकांनी पुढच्या अनुदानांसाठी अर्जच केले नाहीत. परीक्षकांनी त्यांना एकदा नाकारलं, त्यानंतर त्यांनी स्वतःच स्वतःला नाकारलं.

अमेरिकेतल्या आरोग्य संशोधनाच्या सरकारी अनुदानांबाबत २०१९ साली असाच अभ्यास झाला. तिथेही थोडक्यात हुकलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जण या अनुदानांच्या स्पर्धेतून कायमचे बाहेर पडले. पण जे टिकले, त्यांचं काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा पुढे सरस ठरलं. कच्चे गळले म्हणून उरलेल्यांची सरासरी वाढली असेल, ही शंका रास्तच. संशोधकांनी तो हिशेब वजा करून पाहिला, तरी फरक उरला.

प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांत याच्या जवळचं काही दिसतं. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळालेला उंदीर, दाणा बंद झाल्यावर लवकर थांबतो. कधी मिळाला, कधी नाही, अशी सवय झालेला मात्र बराच वेळ कळ दाबत राहतो. त्याच्या अपेक्षेत रिकामी फेरीही धरलेली असते. उंदरांवरून माणसांबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, पण अपेक्षा आणि चिकाटी यांचं नातं इथे उघड दिसतं.

पण म्हणून अपयशाचे गोडवे गाणं मला पटत नाही. अमेरिकेतले ते आकडे टिकून राहिलेल्यांचे आहेत. निघून गेलेल्यांनी काय शोधलं असतं, ते कोणत्याच तक्त्यात येत नाही, आणि गुणांत तेही जिंकलेल्यांच्या बरोबरीचेच होते.