देवाची इच्छा ओळखणे (ख्रिस्ती परंपरा)

नोकरी बदलावी का, आलेल्या स्थळाला होकार द्यावा का, गावी एकट्या राहणाऱ्या आईला इकडे आणावे का, अशा निर्णयांत देवाला काय हवे आहे याचा शोध प्रार्थना, पवित्र शास्त्र, जाणत्यांचा सल्ला आणि स्वतःचा विवेक यांच्या आधारे घेण्याची ख्रिस्ती रीत. ती सर्व ख्रिस्ती पंथांत आढळते. या नोंदीत तिचा विचार मुख्यतः ठाणे आणि नवी मुंबईतील मराठी ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात केला आहे.

या परिसरात दोन प्रवाह एकत्र आले आहेत. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले आहे. ईस्ट इंडियन समाज (या किनाऱ्यावरचे मूळचे मराठी कॅथलिक) आणि उत्तनकडचे ख्रिस्ती कोळी यांची कॅथलिक परंपराही तशीच जुनी. सेंट जेम्स हे ठाण्यातील अँग्लिकन चर्च बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ साली समर्पित केले. दुसरा प्रवाह पोटापाण्यासाठी आलेल्यांचा. १९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि वाशी, नेरूळ, ऐरोली, घणसोली अशी एकेक वसाहत उभी राहत गेली, तशी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूर या भागांतली ख्रिस्ती कुटुंबे इथे आली. कुणाची उपासना चर्चमध्ये होते, कुणाची शाळेच्या हॉलमध्ये, कुणाची एखाद्या विश्वासी भावाच्या फ्लॅटमध्ये. ज्यांच्या शब्दावर पूर्वी घरातले निर्णय होत ते आजोबा, मामा, गावच्या मंडळीतले (चर्चच्या समुदायातले) वडील मागे राहिले. निर्णय मात्र वाढले: गृहकर्ज, मुलांची शाळा, रविवारची शिफ्ट, आखाती देशातली नोकरी. ‘प्रभूची इच्छा काय आहे?’ हा प्रश्न इथल्या प्रार्थना सभांत इतक्या वेळा आणि इतक्या कळकळीने विचारला जातो, त्याचे एक कारण हे आहे.

शास्त्राची भूमिका समजून घेताना पहिली गोष्ट लक्षात ठेवावी लागते, की देवाच्या इच्छेचा फार मोठा भाग आधीच सांगून झाला आहे. न्यायाने वागावे, दयेची आवड धरावी, देवासमोर नम्रपणे चालावे, असे मीखा संदेष्टा सांगतो (६:८). थेस्सलनीकाकरांना लिहिताना प्रेषित पौल ‘देवाची इच्छा’ हे शब्द ज्या गोष्टींसाठी वापरतो त्या म्हणजे पवित्र आचरण, सतत प्रार्थना आणि सर्व स्थितीत उपकारस्तुती. कोणता फ्लॅट, कोणती कंपनी याबद्दल तिथे अक्षर नाही. लग्नासारख्या मोठ्या बाबतीतही विधवेने पुन्हा लग्न करायचे तर ते ‘प्रभूमध्ये’ असावे एवढीच अट घालून, कोणाशी हे पौल तिच्यावर सोडतो (१ करिंथ ७:३९). आपल्याकडे याचा विसर फार पडतो. प्रत्येक बाबतीत देवाने एकच बिनचूक उत्तर दडवून ठेवले आहे आणि ते हुकले तर आयुष्य हुकले, ही धास्ती अनेक तरुण विश्वासी मनात बाळगतात. त्या धास्तीला शास्त्राचा आधार नाही. उसने घेतलेले पैसे चुकते करायचे की बुडवायचे, ही देवाच्या इच्छेची बाब आहे आणि तिचे उत्तर ठाऊक आहे. ऐरोलीची नोकरी की महापेची, ही बहुधा देवाने माणसाच्या शहाणपणावर सोपवलेली बाब असते, आणि असे शहाणपण मागितले तर देव दोष न लावता देतो असे याकोबाच्या पत्रात आश्वासन आहे (१:५).

चिन्ह मागण्याची परंपराही शास्त्रातच आहे. जुन्या करारातल्या गिदोन या इस्राएली पुढाऱ्याने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे दोनदा खूण मागितली. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. अठराव्या शतकात मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाचे लोक लग्ने ठरवतानाही चिठ्ठ्या टाकीत, आणि मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनीही काही वेळा हा मार्ग वापरला. नवी मुंबईत या प्रश्नाला वेगळेच रूप येते, कारण इथे अनेकांचे घर खरोखरच सोडतीत लागते. सिडकोच्या यादीत नाव आले की मंडळीत उभे राहून साक्ष दिली जाते आणि नीतिसूत्रांतले वचन वाचले जाते: चिठ्ठी माणूस टाकतो, निकाल परमेश्वराचा. त्या कृतज्ञतेत खोटे काही नाही. पण ज्याचे नाव आले नाही त्याला देवाने नाकारले असा अर्थ त्यातून निघू लागला, तर तो खोडून काढला पाहिजे. गिदोनाला काय करायचे ते देवाने आधीच सांगितले होते. लोकर त्याच्या भीतीसाठी होती. आणि पवित्र आत्मा उतरल्यानंतर प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याची एकही नोंद नव्या करारात नाही.

याच प्रकारात ‘वचन काढणे’ येते. ३१ डिसेंबरच्या रात्री वॉचनाईटची उपासना संपत आली की वेदीजवळ ताट ठेवतात. त्यात सुरळी केलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या कागदाच्या पट्ट्या असतात. कुटुंब एकेक करून पुढे येते, बहुतेक घरांत धाकट्या मुलाला हात घालायला लावतात, पाळक (पास्टर) डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि पट्टी तिथेच उलगडली जाते. ‘भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे’ असे यशयातले वचन निघाले की आईचे डोळे भरून येतात. पुढे वर्षभर ती पट्टी बायबलमध्ये किंवा फ्रिजवर असते, आणि दवाखान्यात वा मुलाच्या निकालाच्या दिवशी तिचा उच्चार होतो. धीर देणारी रीत म्हणून ती सुंदर आहे. मात्र त्या पट्टीवरून गुंतवणूक, शस्त्रक्रिया किंवा लग्न ठरवणे म्हणजे वचनाला त्याच्या अध्यायातून उपटून काढणे होय. स्तोत्रकर्त्याने वचनाला पावलांपुरता दिवा म्हटले आहे. तो दिवा रोजच्या वाचनाने हातात राहतो.

बोलण्यातला सर्वांत रुळलेला निकष दाराचा आहे. ‘प्रभूने दार उघडले’, ‘दार बंद झाले म्हणजे त्याची इच्छा नव्हती’ ही वाक्ये प्रत्येक प्रार्थना सभेत ऐकू येतात. पौलही उघडलेल्या दाराची भाषा करतो, पण १ करिंथ १६:९ मध्ये तो त्याच वाक्यात विरोधक पुष्कळ आहेत असेही म्हणतो. मराठी प्रॉटेस्टंटांचा स्वतःचा इतिहास इथे बोलका आहे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांना कलकत्त्यातून निघून जाण्याचा हुकूम झाला. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले, तर इथेही हद्दपारीचा आदेश पुढे उभा. दोघांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जांवर अर्ज केले आणि अखेर त्यांना राहू दिले गेले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र झाले. बंद दार हेच देवाचे उत्तर असे हॉल यांनी मानले असते, तर आज ऐरोली-घणसोलीत बसून दाराची भाषा करणाऱ्या अनेक कुटुंबांच्या मंडळ्याच झाल्या नसत्या. परिस्थिती ही माहिती आहे, निकाल नव्हे.

कॅथलिक परंपरेत या विषयाचा सर्वांत सखोल विचार संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी केला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून ते अंथरुणाला खिळले. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मन हरखे, पण नंतर कोरडे पडे. संतांसारखे जगण्याच्या विचाराने आलेला आनंद मात्र मागे टिकून राही, हे त्यांच्या ध्यानात आले. मनाच्या या दोन हालचालींच्या निरीक्षणावर त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ (प्रार्थना आणि आत्मपरीक्षणाचा क्रम सांगणारे पुस्तक) उभ्या आहेत. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्यांना मान्यता दिली. त्यांतला एक नियम प्रत्येक घरात माहीत असावा इतका मोलाचा आहे: मन खचलेले, अंधारलेले असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. दुसरा उपाय असा, की आपल्यासारख्याच पेचात सापडलेला एखादा अनोळखी माणूस समोर आहे असे समजावे आणि त्याला काय सांगू ते स्वतःला सांगावे. तिसरा, मरणाच्या घटकेला कोणता निर्णय घेतला असता तर बरे वाटेल असे विचारावे. ‘मनाला शांती वाटते’ हा आपल्याकडचा निकष इग्नेशियस यांच्या जवळ जातो, फक्त त्यांनी त्याला वेळेची कसोटी लावली. रिट्रीटच्या (प्रार्थना शिबिराच्या) शेवटच्या दिवशी वाटलेली शांती सोमवारी सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये टिकते का, ते पाहायला हवे.

नव्या करारातला सर्वांत भरवशाचा नमुना मात्र एकट्याचा नाही. यरुशलेमात प्रेषितांच्या सभेत वाद झाला, साक्षी ऐकल्या गेल्या, शास्त्र उघडले गेले, आणि पत्रात लिहिले ते ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला’ योग्य वाटले असे (प्रेषित १५:२८). घणसोलीतल्या एखाद्या घरच्या प्रार्थना सभेत याचे लहान रूप दिसते. गीत होते, अध्याय वाचला जातो, मग यजमान सांगतात की घराचे ठरते आहे, प्रार्थनेत ठेवा. चांगली सभा लगेच डोळे मिटत नाही. हप्ता किती बसेल, ताईंची नोकरी कायम आहे का, गावाकडे पाठवायचे पैसे थांबणार का, हे कुणीतरी मावशी विचारते. उत्तर देताना पती-पत्नी एकमेकांकडे पाहतात आणि कधी कधी तिथेच कळते की दोघांमध्ये हे बोलणे झालेलेच नव्हते. त्यानंतरची प्रार्थना वेगळीच होते. हा हिशेब विश्वासाच्या आड येत नाही. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घ्यायला येशूनेच सांगितले आहे.

निर्णयाचे ओझे कुणावर पडणार, हा प्रश्न या परंपरेत मागे पडत आला आहे, आणि तो पुढे आणला पाहिजे. मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या हाकेच्या खरेपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या निर्णयाची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले आणि १९०० साली त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हाही घर त्यांच्याबरोबर हलले. एकाला झालेला साक्षात्कार सगळ्या घराला जगावा लागतो. म्हणून ज्यांना तो जगायचा आहे त्यांचा आवाजही देवाची इच्छा ओळखण्याच्या साधनांत धरावा: पत्नीचा, वृद्ध आईचा, दहावीतल्या मुलीचा.

गैरवापराचा धोकाही इथेच आहे. ‘देवाने मला सांगितले आहे’ असे म्हणून कुणी मुलीवर लग्नाची सक्ती करतो, देणगी मागतो, औषधे बंद करायला लावतो, तेव्हा समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. शास्त्राने ती जागा राखली आहे. प्रत्येक आत्म्याची परीक्षा करा, असे योहान म्हणतो (१ योहान ४:१). संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा, असे पौल एका दमात सांगतो (१ थेस्सल ५:२०–२१). पारख करणारा विश्वासात कमी पडतो असे ज्या सभेत शिकवले जाते, त्या सभेपासून सावध राहावे.

निर्णय घेतल्यानंतर सगळे उलटे झाले, तर? नोकरी वर्षभरात गेली, भाड्याचे घर सुटले, तर आपण देवाची इच्छा चुकलो का? ठाण्याच्या भूमीवरची एक फार जुनी ख्रिस्ती कथा नेमकी या प्रश्नाची आहे. १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि त्यांचे सोबती चीनच्या वाटेवर केरळातल्या कोल्लमला निघाले होते. जहाजाने त्यांना ठाण्याला आणले. सोबतचे डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन कॅटलानी भरुचकडे गेले असताना, एप्रिलमध्ये थॉमस, याकोप, पिएत्रो आणि देमेत्रिओ हे चौघे ठाण्यात मारले गेले. जॉर्डन परतले, त्यांनी सोबत्यांना सोपाऱ्याला (आजच्या नालासोपाऱ्याजवळ) पुरले आणि ते एकटेच इथे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या किनाऱ्यावरच्या घोघ्याहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी सोबत्यांच्या मरणाची हकीकत कळवली, आणि त्याच पत्रात सेवेसाठी माणसे कुठे पाठवावीत याची तीन ठिकाणे सुचवली: सोपारा, भरुच, कोल्लम. ज्या कोल्लमला थॉमस पोहोचलेच नाहीत, तिथले पहिले बिशप म्हणून १३२९ साली पोपनी जॉर्डन यांनाच नेमले.