पार्सलचं अस्तर

रविवारी दुपारी सोलापुरातल्या कुठल्याही नावाजलेल्या मटण खानावळीत डोकावा, पार्सल नेणारे जेवायला बसलेल्यांपेक्षा जास्त दिसतील. एका घरच्या पार्सलमधून काय काय निघतं बघा: रश्श्याचा पांढरा डबा, सुक्याचा काळा डबा, भाकरीभोवती गुंडाळलेली फॉइल, कांदा-लिंबाची पन्नी, शेंगा चटणीची पुडी आणि वर दोन कागदी वाट्या. अर्ध्या तासात जेवण उरकतं. मग हे सगळं एकाच पिशवीत कोंबून, गाठ मारून घंटागाडीत जातं.

यातली बरीचशी वस्तू भंगारात विकली जाईल किंवा मातीत मिसळेल अशीच असते. तरी तसं होत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा डब्याच्या आतल्या बाजूला सापडतं: कारखान्यात लावलेलं अस्तर, आणि आपल्या घरी चिकटलेली तर्री.

आधी पांढरा डबा घेऊ. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, भंगारवाल्याच्या बोलीत पीपी. आकडा पुसट असेल तर कात्रीने नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. साबण अशासाठी की तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहू नयेत. पीपीची घनता पाण्यापेक्षा कमी, घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, म्हणून तुकडा वर येतो. पॉलिस्टायरीनची १.०५ आणि बाटलीच्या पेटची १.३८ च्या आसपास, हे दोन्ही तळाला जातात. फसगत एकाच ठिकाणी होते: स्वस्त डब्यांत प्लास्टिक वाचवायला खडूची भुकटी मिसळलेली असते, तेव्हा पीपीसुद्धा बुडतं.

या डब्याला लागलेला तांबडा डाग कितीही घासला तरी जात नाही. मिरचीचा लाल रंग देणारे रेणू पाण्याला दाद देत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात. पॉलिप्रॉपिलीनही तेलासारखंच कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचं बनलेलं. गरम रश्श्यातला रंग तेलातून निघून थेट प्लास्टिकच्या अंगात शिरतो, मग वरून घासून काय होणार? डबा गच्चीवर उन्हात ठेवला की अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो रंग मोडतात, डाग फिका पडतो. उन्हाची तर आपल्याकडे ददात नाही. पण भंगारात देण्यासाठी डाग घालवायची गरजच नसते. अडचण चिकटलेल्या तेलाची आणि शितांची असते. ती वितळवताना जळतात, मालाला वास येतो, पुन्हा केलेला प्लास्टिकचा दाणा कमी प्रतीचा निघतो. भांडी घासून उरलेल्या पाण्यात डबा एकदा खळबळला तरी पुरतं. नितळ पाण्याने चकाचक धुवायचा उत्साह दाखवू नये, पाणी रोज येत नाही अशा शहरात तर नाहीच.

काळा डबा हे जरा कमनशिबी प्रकरण. त्यातली काजळी अवरक्त किरण गिळून टाकते, त्यामुळे त्याच किरणांवरून प्लास्टिक ओळखणाऱ्या स्वयंचलित यंत्रांना तो दिसतच नाही. आपल्याकडे वर्गवारी बहुतांशी माणसांच्या हातांनी होते, त्यामुळे ही अडचण तितकीशी आड येत नाही. मात्र काळ्यापासून पुन्हा काळंच करता येतं, म्हणून भाव कमी.

महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेली कागदी वाटी दिसायला सज्जन, पण खरी गोम तिच्यातच आहे. नुसता कागद रस्सा धरणार नाही, म्हणून आतून पॉलिथिनचा पापुद्रा चिकटवलेला असतो. चहाचा कागदी कप रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी आतल्या काठाला नख लावा: दुधावरच्या सायीसारखा पातळ, पारदर्शक पदर सुटून हातात येतो. रद्दीचा लगदा करताना पाणी कागदाच्या तंतूंपर्यंत पोचावं लागतं, आणि हा पदर ते पोचू देत नाही. खताच्या खड्ड्यात टाकली तर कागद कुजतो, पदर मागे राहतो आणि तुकडे होत होत शेतात जातो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना असंही आढळलं, की ८५ ते ९० अंश तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटं राहिलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. टपरीवरचा चहा कोणी १५ मिनिटं धरून बसत नाही हे खरं; पार्सलचा रस्सा अशा वाटीत दिला असेल तर मात्र तो घरी येईपर्यंत तेवढा वेळ सहज घेतो.

भाकरीच्या फॉइलचं सोपं आहे. मुठीत चुरगळून सोडा: चुरगळलेलीच राहिली तर ॲल्युमिनियम, हळूहळू उलगडू लागली तर चकाकी मारलेलं प्लास्टिक. दुसरीला भंगारात कोणी विचारत नाही. पहिलीचं मोल मोठं, कारण बॉक्साइटपासून नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाच टक्क्यांत जुनं वितळवता येतं. पण पातळ पत्रा भट्टीत वितळण्याआधीच जळून राख होतो. म्हणून फॉइल पुसून, साठवून, दाबून मुठीएवढा गोळा झाला की मगच द्यावी.

आता उसाच्या चिपाडाची ताटली. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात तिचं कौतुक असणारच. कारखाने आपलं बहुतेक चिपाड बॉयलरला घालून वाफ आणि वीज करतात. त्याचाच लगदा गरम साच्यात दाबला की ताटल्या आणि झाकणाचे डबे होतात. ही वस्तू कुजते यात शंका नाही. मात्र चिपाड पाणी आणि तेल दोन्ही शोषतं. तरी काही डब्यांवर तेलाचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो, तो कशामुळे? अनेक वर्षं त्यासाठी पीएफएएस नावाची फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. कार्बन-फ्लोरिन बंध इतका पक्का असतो की जिवाणूंना तो तोडता येत नाही. डबा मातीत जातो, रसायन मातीत राहतं. अमेरिकेत खाद्यवेष्टनांसाठी अशी रसायनं विकणं बंद झाल्याचं तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केलं. घाऊक माल घेणाऱ्या खानावळवाल्याने विक्रेत्याला निदान मालात ही रसायनं आहेत का हे विचारावं. ‘इकोफ्रेंडली’ हा छाप म्हणजे उत्तर नव्हे. पळसाच्या पत्रावळीला हा प्रश्न कधी पडला नव्हता, पण आता तिच्याही पाठीला प्लास्टिकचा कागद चिकटवून मिळतो.

मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पारदर्शक पीएलए प्लास्टिकबद्दल एक गैरसमज आहे, की ते कुठेही कुजतं. कुजण्याची प्रमाणित चाचणी होते ५८ अंशांना, आठवडेच्या आठवडे, पुरेशा ओलाव्यात. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की सोलापूरकराला वाटतं आता काहीही वितळेल. पीएलएचं काम त्या उन्हात होत नाही. ती धग मोठ्या ढिगाच्या पोटात तयार होते. जिवाणू अन्न खाताना उष्णता सोडतात, आणि ढीग साधारण एक घनमीटरचा असेल तर ती आतच कोंडली जाऊन ५५-६० अंश गाठते. बाल्कनीतल्या खताच्या माठातली उष्णता कडांतून निघून जाते. म्हणून चिपाड आणि पत्रावळीसाठी माठ चालतो, पीएलएसाठी नाही. दहा-बारा घरांनी मिळून सोसायटीच्या कोपऱ्यात विटांचा हौद केला तर मात्र तिथे वेगळंच काही घडू शकतं.

त्या हौदाचं गणित असं. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन हवा. चिपाडात हे प्रमाण शंभराच्या पुढे, घरातल्या खरकट्यात साधारण २० च्या आसपास. नुसत्या ताटल्या वर्षभर तशाच पडून राहतील आणि नुसतं खरकटं चार दिवसांत सडून घाण वास मारेल. ताटल्या दोन बोटांएवढ्या फाडून, भिजवून खरकट्यात मिसळाव्यात आणि थोडं शेण किंवा जुनं खत विरजण म्हणून घालावं. तर्रीचा थर असेल तर आधी पुसून घ्यावा: तेल तंतूंवर पसरून पाणी आणि हवा दोन्ही अडवतं. हाडं घालू नयेत, ती लवकर कुजत नाहीत आणि गल्लीतली कुत्री हौद उकरतात.

कोकणातल्या माणसाला खतात पाणी जास्त होण्याची काळजी, आपल्याकडे उलटं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात कोरडं वारं. ओलावा पन्नास-साठ टक्के हवा, तो एप्रिलमध्ये दोन दिवसांत उडतो आणि कुजणं थांबतं. मूठभर मिश्रण पिळून बघावं: एक-दोन थेंब आले तर ठीक, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी घाला. हौद सावलीत असावा आणि वर ओलं गोणपाट टाकावं. आठवड्यातून एकदा फावड्याने उलथापालथ केली की आत हवा खेळते.

शहराचा ओला कचरा घेण्यासाठी तुळजापूर रस्त्यावर बायोगॅस करून वीज बनवणारा प्रकल्प उभा राहिला. तिथले जिवाणू ऑक्सिजनशिवाय काम करतात. भात, भाजी, रस्सा त्यांना आवडतो. चिपाडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना घट्ट बांधून ठेवणारा पदार्थ, त्यांना पचत नाही, ते फोडायला हवेत वाढणारी बुरशी लागते. म्हणजे ताटलीवरचं अन्न बायोगॅसला आणि ताटली खताला, अशी वाटणी शास्त्राला धरून होईल. पिझ्झाच्या खोक्याचंही तसंच: झाकण फाडून रद्दीत, तेलकट तळ हौदात.

चार-सहा महिन्यांनी खत चाळायला घेतलं की चाळणीवर उरतं ते बघण्यासारखं असतं: स्टेपलर पिना, चटणीच्या पुडीचे कोपरे आणि कागदी वाट्यांचे पारदर्शक पापुद्रे. ते ओळखू येतात, कधी कधी त्यांच्यावरची छपाईसुद्धा शाबूत असते. दर खेपेला एकाच खानावळीच्या वाट्या निघत असतील, तर तिथला रस्सा घरून स्टीलचा डबा नेऊन आणावा.