टाकीचा डिस्प्ले चुकीची पातळी दाखवतोय? आधी तुमचे दोन बिंदू पाहा

आमच्याकडून पाण्याच्या पातळीचा सेन्सर नेलेल्या ग्राहकांचा एक ठरलेला फोन असतो. "टाकी भरली की डिस्प्ले फूटभर जास्त दाखवतोय, सेन्सर बदलून द्या." आम्ही सांगलीहून तासगावला, कवठेमहांकाळला, कधी जतपर्यंत जातो, सेन्सर वर काढून तपासतो, आणि बहुतेक वेळा तो ठणठणीत निघतो. चूक असते सेटिंग करताना घेतलेल्या दोन मापांत. तुमचा दिवस वाया जातो आणि आमचाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

सेन्सर त्याच्यावरच्या पाण्याचा दाब मोजतो आणि तो ४ ते २० मिलिअँप करंटच्या रूपात डिस्प्लेला कळवतो. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून केलेली असते. त्यामुळे वायर तुटून करंट शून्य झाला, तर टाकी रिकामी झाली असा गैरसमज होत नाही. पाणी जेवढं चढेल त्या प्रमाणात करंट चढतो. आलेख काढला तर सरळ रेषा येते, आणि सरळ रेषा पक्की करायला दोन बिंदू पुरतात. शाळेत निर्देशक भूमितीत केलेलं गणित ते हेच.

समजा करंट ६ असताना टेपने मोजलेलं पाणी ६० सेंमी होतं, आणि १८ असताना ३६० सेंमी. पाण्यातला फरक ३००, करंटमधला फरक १२. ३०० भागिले १२ म्हणजे २५. हा रेषेचा चढ, मेनूत याला 'गेन' म्हटलंय. आता पहिला बिंदू घ्या. ६ गुणिले २५ होतात १५०, पण पाणी होतं ६०, म्हणजे ९० वजा करावे लागतात. उणे ९० हा 'ऑफसेट'.

पातळी = २५ × करंट − ९०

दुसऱ्या बिंदूवर पडताळा घ्या. १८ गुणिले २५ म्हणजे ४५०, त्यातून ९० गेले, राहिले ३६०. जुळलं. वजाबाकी वर आणि खाली एकाच क्रमाने करा. ३६० मधून ६० वजा केले, तर १८ मधूनच ६ वजा करायचे. क्रम उलटा झाला तर गेन उणे येतो आणि पाणी चढताना डिस्प्ले उतरायला लागतो.

आता खरी चूक. सेन्सर बसवतो त्या दिवशी टाकी बहुधा तळाला गेलेली असते. योजनेचं आवर्तन यायचं असतं, बोअरला पाणी कमी असतं. मग ६० सेंमीला एक माप, अर्धा तास मोटर चालवून ७० ला दुसरं, आणि काम उरकलं. सूत्र बरोबर असतं, गुणाकार बरोबर असतो, पण बिंदू एकमेकांना चिकटलेले असतात. ६.४ मिलिअँपला पाणी ७० असताना टेपवर ७१ वाचलं गेलं, एवढीच चूक धरा. फरक ११ भागिले ०.४, गेन येतो २७.५ आणि ऑफसेट उणे १०५. टाकी भरल्यावर करंट १८ होतो तेव्हा डिस्प्ले दाखवतो ३९०. खरं पाणी ३६०. एका सेंटिमीटरची चूक तीस सेंटिमीटर झाली, आणि तीन मीटर व्यासाच्या टाकीत तीस सेंटिमीटर म्हणजे सुमारे २१०० लिटर पाणी. तीच एका सेंटिमीटरची चूक ३६० च्या मापात झाली असती, तर त्या दोन बिंदूंच्या मध्ये कुठेही एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला नसता.

म्हणून बसवण्याच्या दिवशी आम्ही एकच बिंदू कार्डावर लिहितो आणि दुसरा टाकी भरल्यावर घ्यायला सांगतो. "काम अर्धवट ठेवून गेले" असं काहींना वाटतं. तसं नाही. टाकी भरली की करंट आणि टेपचं माप फोनवर सांगा, गेन आणि ऑफसेट लगेच काढून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

कारखान्यातूनच सेट करून का देत नाही, असंही विचारतात. चार मीटरपर्यंत पाणी मोजणाऱ्या सेन्सरचा पाण्यातला चढ २५ हे आम्हालाही माहीत आहे. पण पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी टाकीत गाळ सोडतं, म्हणून सेन्सर तळापासून साधारण दहा सेंमी वर टांगतो. कुठे आठ, कुठे पंधरा. तेवढ्याने ऑफसेट बदलतो. मळीसारख्या जड द्रवाला तर चढही वेगळा येतो, तिथे पाण्यावर काढलेलं समीकरण चालवू नका. आणखी एक, डिस्प्ले उंची दाखवतो. उभ्या गोल टाकीत उंचीवरून लिटर सरळ हिशोबाने निघतात, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात निघत नाहीत. तिथला तक्ता आम्ही वेगळा करून देतो.

माप घेताना मोटर बंद करून पाणी स्थिर होऊ द्या. स्टीलच्या टेपला खडू घासा, भिजलेल्या खडूची कड स्वच्छ दिसते. वजनासाठी नट बांधलात तर तो टेपच्या शून्याखाली लोंबता कामा नये, नाहीतर प्रत्येक माप तेवढं कमी येईल. ही चूक दोन्ही मापांत सारखी असल्याने चढ बरोबरच येतो, फक्त रेषा खाली सरकते. म्हणून ती लवकर सापडत नाही.

टाकी अर्धी असताना तिसरं माप अवश्य घ्या. वरच्या उदाहरणात १२ मिलिअँपला २१० यायला हवं. दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तिन्ही मापं पुन्हा घ्या. तरीही जुळलं नाही, तर सेन्सरच्या तोंडाशी गाळ बसलेला असू शकतो किंवा केबलमधल्या हवेच्या बारीक नळीत ओल शिरलेली असू शकते. तेव्हा आम्हाला बोलवा. येताना साफसफाईचं सामान आणि बदली सेन्सर दोन्ही आणतो. तिन्ही जोड्या लिहिलेलं कार्ड डिस्प्लेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.