ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर जाण्याची परवानगी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

दक्षिण अटलांटिक महासागरात केपटाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटरवर असलेल्या ट्रिस्टन दा कुन्हा या ब्रिटिश बेटावर उतरायचे असेल, तर बोटीचे तिकीट काढण्याआधी तेथील प्रशासक आणि बेट परिषद यांची परवानगी घ्यावी लागते. जेमतेम अडीचशे माणसांची वस्ती, एकच गाव आणि विमानतळ नाही, अशा ठिकाणी येणारा प्रत्येक पाहुणा साऱ्या गावाची जबाबदारी होतो. त्यामुळे ही परवानगी कोणाच्या हाती आहे, हे आधी समजून घेतले म्हणजे अर्जातील अटींचा अर्थ लागतो.

राज्यघटनेच्या दृष्टीने सेंट हेलेना, असेन्शन आणि ट्रिस्टन दा कुन्हा मिळून एकच ब्रिटिश सागरापार प्रदेश आहे. १९३८ पासून ट्रिस्टन हे सेंट हेलेनाच्या अंकित मानले जाई. १ सप्टेंबर २००९ रोजी नवी राज्यघटना लागू झाली आणि तिन्ही बेटांना समान दर्जा मिळाला. राजाने नेमलेला गव्हर्नर सेंट हेलेनावर राहतो. ट्रिस्टनवर त्याच्या वतीने प्रशासक कारभार पाहतो. बेट परिषदेत प्रशासकाखेरीज आठ निवडून आलेले आणि तीन नियुक्त सदस्य असतात, निवडणूक दर तीन वर्षांनी होते आणि परिषदेत किमान एक स्त्री सदस्य असावीच लागते. बेटवासीयांच्या निवडलेल्या प्रमुखाला ‘चीफ आयलंडर’ म्हणतात. संरक्षण व परराष्ट्र व्यवहार ब्रिटनकडे असले, तरी बेटावर कोण येणार आणि किती दिवस राहणार, या प्रश्नात परिषदेच्या मताला खरे वजन आहे, आणि माझ्या मते ते रास्तच आहे.

पात्रतेची पहिली बाब अशी की अर्ज केवळ भेटीसाठी करता येतो. जमीन समाजाच्या सामाईक मालकीची आहे आणि बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही किंवा तेथे कायमचे स्थायिक होता येत नाही. १८१७ मध्ये ब्रिटिश लष्करी तुकडी परतली, तेव्हा विल्यम ग्लास आणि त्याचे सोबती मागे राहिले. सर्वांचा वाटा सारखा आणि कोणी कोणापेक्षा वरचढ नाही, असा करार त्यांनी लिहून ठेवला होता. जमिनीविषयीच्या आजच्या नियमामागे हीच परंपरा आहे. डॉक्टर किंवा शिक्षक यांसारखे बाहेरचे कर्मचारी ठरावीक मुदतीच्या करारावर येतात. त्यांची निवड वेगळ्या मार्गाने होते.

अर्ज प्रशासकाच्या कार्यालयाकडे ईमेलने पाठवता येतो. त्यात पूर्ण नाव, वय, राष्ट्रीयत्व, पत्ता, भेटीचे कारण, अपेक्षित तारखा आणि कोणत्या बोटीने येणार व परतणार, हे स्पष्ट लिहावे. भेटीचे कारण मोघम ठेवू नये. संशोधन, छायाचित्रण किंवा नातेवाइकांची भेट, जे असेल ते सविस्तर सांगावे, कारण अर्ज परिषदेपुढे जातो. सोबत वैध पासपोर्टची प्रत, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, राहण्याची सोय ठरल्याचा पुरावा, परतीच्या प्रवासाची व्यवस्था आणि पुरेसे पैसे असल्याचा दाखला तयार ठेवावा. बेटावर हॉटेल नाही. पाहुणे बेटवासीयांच्या घरी किंवा अतिथिगृहात राहतात.

आरोग्य विम्याची अट सर्वांत गांभीर्याने घ्यावी. गावात २०१७ पासून ‘कॅमोग्ली’ नावाचे आधुनिक आरोग्य केंद्र आहे, परंतु मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला समुद्रमार्गे केपटाउनलाच न्यावे लागते आणि या प्रवासाला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून केपटाउनपर्यंत रुग्णाला हलवण्याचा खर्च ज्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे, असाच विमा घ्यावा.

भारतीय पासपोर्टधारकांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. बोट केपटाउनहून सुटते आणि तेथेच परतते, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत दोनदा प्रवेश करावा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा पहिल्याच वेळी वापरला जातो, त्यामुळे अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि त्याची मुदत परतीच्या तारखेपेक्षा बरीच पुढची असावी. चारित्र्य दाखला आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो.

मराठी वाचकाला या बेटाचे नाव अगदीच परके नाही. १५०६ मध्ये हे बेट पाहणारा पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताँव द कुन्हा भारताकडे निघालेल्या ताफ्याचा प्रमुख होता, आणि पुढे १५१० मध्ये गोवा जिंकणारा अल्बुकर्क त्याच ताफ्यात होता. त्रिस्ताँवचा मुलगा नुनो द कुन्हा पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर असताना, १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली.

परवानगी मिळाल्यावरही बोटीत जागा मिळेलच असे नाही. वर्षभरात मोजक्याच फेऱ्या होतात, प्रवाशांच्या जागा थोड्या असतात आणि आजारी माणसे, बेटवासी व शासकीय कामाने जाणारे यांना पर्यटकांच्या आधी प्राधान्य मिळते. बेटाच्या छोट्या कॅलशॉट बंदरात मोठे जहाज शिरू शकत नाही. ते बाहेर नांगर टाकते आणि माणसांना लहान होडीतून किनाऱ्यावर आणतात. समुद्र खवळलेला असेल तर कित्येक दिवस जहाजावरच थांबावे लागते. म्हणून नोकरीतील रजा, केपटाउनहून परतीचे विमान आणि विम्याची मुदत, या तिन्हींत किमान दोन आठवड्यांची मोकळीक ठेवूनच अर्जात तारखा लिहाव्यात.